मोठ्या घरातल्या गाठी

२९ नोव्हेंबर

आज मोठ्या घराच्या आत गेलो!

व्हरांड्यापर्यंत नाही — आत! पन्नाशीला टेकलो, सगळा जन्म या टेकडीखाली गेला. दर सहा जानेवारीला, ताऱ्यामागून देवबाळाच्या भेटीला आलेल्या तीन राजांचं निशाण घेऊन, गात त्या दगडी पायऱ्या चढलो. आधी वडिलांच्या मागे ढोल वाजवत, आणि ते गेल्यावर मेळ्याचा म्होरक्या म्हणून पुढे. उंबरा मात्र आज ओलांडला. तोही निशाणाशिवाय, चिखलाने भरलेल्या पायांनी.

परवाच्या वादळात घरातल्या कपेलीची, प्रार्थनेच्या खोलीची, भिंत पडली. वेदीच्या मागची, पूर्वेकडची. घरच्या म्हाताऱ्या बाईंनी, दोना एर्मिन्यांनी, निरोप धाडला म्हणून गेलो, तर अंगणात ट्रक उभा. एक लाकूडवाला व्हरांड्याच्या तुळया मोजत होता. जुन्या मळ्यांवरच्या घरांचं लाकूड शहरात हातोहात जातं म्हणे, हॉटेलांची मेजं करायला. दोनांच्या भाच्याने पाठवलेला.

दोना आरामखुर्चीत, काठी मांडीवर आडवी. "ये, जेनेझियो. हे गृहस्थ माझ्या घराचं माप घेताहेत. शवपेटीसाठी घेतात ना, तसं."

लाकूडवाला हसला. त्या हसल्या नाहीत.

"ही भिंत उभी करशील? राजांच्या दिवसाच्या आत?"

"पावसाचे दिवस आहेत, दोना. माती वाळायची नाही."

"ते मी विचारलंच नाही."

मग म्हणाल्या ते असं. जूनमध्ये त्यांचे थोरले भाऊ वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून धनीण त्या. निशाण दारात आलं की ते घ्यायचा मान घराच्या धन्याचा, दुसऱ्या कोणाचा नाही. धन्याने ते हातात घ्यायचं, खोलीखोलीतून फिरवायचं, मग घर पावन. आमच्या खोऱ्यात ते कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जातं! फक्त मोठ्या घरी कधी आत गेलं नाही. आधी दोनांचे वडील, मग भाऊ, पायरीवरच घ्यायचे, ओठ टेकवायचे, परत द्यायचे. आम्ही व्हरांड्यात गायचो आणि उतरायचो.

"यंदा दारात मी असेन. प्रत्येक खोलीतून नेईन त्याला. पण कपेलीला भिंतच नाही तिथे राजांना कुठल्या तोंडाने नेऊ? तू ती उभी कर, मी या गृहस्थांना रिकाम्या ट्रकानिशी परत पाठवते. नाही जमलं तर सात तारखेला यांनी तुळया उतरवायला घ्याव्यात. मलाही या वयात आभाळाखाली झोपायची हौस नाही."

मी हो म्हणालो! विचार न करता!

३० नोव्हेंबर

बायको, झुल्मिरा, म्हणते, "हो म्हणायला तोंड लागतं, भिंतीला हात लागतात. तुझे दोनच आहेत." खरंय. राजांपुढे मेणबत्ती लावली.

२ डिसेंबर

दोनांनी स्वतः घर दाखवलं. काठी टेकत पुढे त्या, मागे मी, टोपी हातात. किती बघू आणि किती नको झालं! सगळं आजच लिहून ठेवतो.

घर उतारावर आहे, म्हणून समोरून एकमजली आणि दरीकडून दुमजली. खाली दगडाचं जोतं, पुरुषभर उंच. त्याच्या पोटात कॉफी साठवायचे. वर सगळं लाकूड आणि माती. माझ्या कवेत मावणार नाहीत असे खांब, आणि दोन खांबांमधला प्रत्येक खण कुडाचा. वळचण इतकी पुढे का आलीय ते आज कळलं. पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून! कपेलीवरची कौलं सरकली होती, म्हणून तीच भिंत गेली. बाकीच्या भिंती पावणेदोनशे वर्षं कोरड्या. आधी कौलं बसवायची हे तिथेच ठरवून टाकलं.

छत बांबूच्या चटईचं, विणलेलं! मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो.

व्हरांड्याच्या टोकाला वाटसरूंची खोली. तिला एकच दार, व्हरांड्यात उघडणारं. आत घरात जायला वाटच नाही. "खेचरं घेऊन येणारे व्यापारी इथे निजायचे," दोना म्हणाल्या. "त्यांना छप्पर द्यायचं, घर नाही." दुसऱ्या टोकाला कपेल. तिच्यात शेजारच्या दालनातून बघायला लाकडी जाळी आहे. बायकांनी त्या जाळीमागून मिस्साची प्रार्थना ऐकायची, पाद्र्याला दिसायचं नाही.

आणि या सगळ्याच्या मध्ये, घराच्या अगदी पोटात, तीन खोल्या. खिडकी एकीलाही नाही. भर दुपारी अंधार!

"कोठी?" मी विचारलं.

"मुली," त्या म्हणाल्या. "मुली ठेवायच्या खोल्या. ही माझी."

लग्न केलं नाही त्यांनी. किती वर्षं त्या खोलीत काढली असतील, विचारलं नाही. त्यांनी काठीने भिंतीवर टकटक केलं. "या दिशेला व्हरांडा. तुझे वडील तिथे गायचे. ढोल छातीत वाजायचा माझ्या. पण राजांच्या दिवशी मुलींनी बाहेर यायचं नाही, दारात सगळी मळ्यावरची माणसं असतात ना! मोठी होईपर्यंत मला वाटायचं, निशाण म्हणजे काहीतरी ऐकायची गोष्ट आहे."

पेरूची वडी आणि चीज दिलं. त्यांच्याच मेजावर बसून खाल्लं. घास गिळताना आवाज होतो की काय असं वाटत होतं.

४ डिसेंबर

हात न धुताच लिहायला बसलोय!

आज पडलेल्या भिंतीचा कुजका भाग काढायला घेतला. खालचा अर्धा ढासळलेला, वरचा तसाच लटकत होता. लाउरिंदो सोबत होता. माझा दुसरा आवाज तो, मी पहिली ओळ म्हणतो, तो उत्तर देतो. त्याच्या लेकीचा बाप्तिस्मा माझ्या मांडीवर झाला, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे. वरची माती हलक्या हाताने पाडली. आत उभे वासे, त्यांवर दोन्ही अंगांनी आडव्या कामट्या, आणि प्रत्येक जोडाला रानवेलीने बांधलेली गाठ. वेल वाळून तारेसारखी झालीय, पण सुटलेली नाही.

मी सुरी लावणार इतक्यात गाठ नीट दिसली.

दोन वेढे. मग शेपूट मागे, स्वतःच्याच खालून, आणि वर खोचलेलं.

ही आमची गाठ आहे!

निशाणाच्या काठीला फिती बांधतो ती! वडिलांनी गुडघ्यावर बसवून शिकवली ती, त्यांना त्यांच्या वडिलांनी. "मागे वळून बघणारी," म्हणायचे ते. खोऱ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच मेळ्यात ती नाही. नदीपलीकडचे सरळ गाठ मारतात, गावातले टाचण्या लावतात. ही फक्त आमची!

लाउरिंदोला हाक मारली. त्याने बघितलं. टोपी काढली.  मग म्हणाला, "कोंपाद्रे, माझे आजोबा सांगायचे, त्यांचे आजोबा या घरात कधी गेले नाहीत. खोटारडे! भिंत बांधून आत बसलेत की!"

दोघं हसलो. मग हसू आवरेना. मग तो डोळे पुसत होता आणि मीही.

५ डिसेंबर

राहवलं नाही. जिथे जिथे गिलावा फुटलाय तिथे मेणबत्ती घेऊन डोकावलो. कोठारात आमची गाठ. जेवणघरात आमची गाठ. मुलींच्या खोलीत, दाराच्या मागे — आमची! या घरात एक खण नाही जो आमच्या माणसांच्या हातांनी धरून ठेवलेला नाही. गुलाम होते ते, हे ठाऊक होतंच. घर त्यांनीच बांधलं असणार, हेही कोणी नाकारत नव्हतं. पण असणार वेगळं आणि गाठीवर बोट ठेवणं वेगळं!

त्यांना कोणी शिकवली असेल? समुद्रापलीकडून हातात घेऊन आले असतील? आणि उंबऱ्याबाहेर उभं राहायला लागल्यावर तीच गाठ निशाणावर बांधली. का? मुद्दाम? की हाताला दुसरी येतच नव्हती?

देवा, मी विचारत बसतो आणि पाऊस डोक्यावर आहे.

७ डिसेंबर

दोनांना दाखवलं. सांगू की नको, दोन दिवस मनात घोळवत होतो. त्यांच्या पणजोबांनी घर बांधलं असं त्या लहानपणापासून सांगत आल्या. पण जे दिसलं ते लपवून त्यांच्या घरात वावरणं बरं वाटेना.

चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. बोट फिरवलं गाठीवरून. मग, "तुझ्याकडे फीत आहे?"

खिशात होती, निळी. म्हणाल्या, "माझ्या काठीला बांध. तशीच. सावकाश, मला बघू दे."

बांधली. त्यांनी सोडली, स्वतः बांधायला गेल्या, चुकल्या. परत. तिसऱ्यांदा जमली!

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "पणजोबांचा हा वरचा चुना." 

११ डिसेंबर

कसला दिवस! अंगभर चिखल, कानातसुद्धा!

नव्या कामट्या जुन्याच गाठीने बांधून झाल्या. मेळा सगळा आला, बायका आल्या, अंगणात खड्डा करून चिखल तुडवला. माती, गवत, शेण, पाणी. झुल्मिरा सर्वात पुढे, स्कर्ट खोचून. एकॉर्डियनवाल्याने सूर धरला आणि तुडवणं बघता बघता नाच झाला.

मग भिंत. दोन माणसं, भिंतीच्या दोन अंगांना, समोरासमोर. दोघांनी एकाच क्षणी, एकाच जागी चिखलाचा गोळा मारायचा. दोन्ही गोळे कामट्यांमध्ये भेटतात आणि एकमेकांना धरतात. एकट्याने मारला तर आरपार! सकाळी तेच झालं. बाहेरच्यांना घाई, आतले अजून वाकलेलेच. माझा पहिला गोळा थेट लाउरिंदोच्या तोंडावर.

"कोंपाद्रे! भिंत तिकडे आहे, मी इकडे!"

"तू हाललास!"

"माझं तोंड जिथे बाप्तिस्म्याच्या दिवशी होतं तिथेच आहे!"

जिथे एकट्याने मारलं तिथे पोट सुटलं आणि दुपारपर्यंत अर्धा खण घसरून खाली. सगळे हिरमुसले. पाच-सहा जण "पाऊस सरल्यावर बघू" म्हणायला लागले. तोवर इथे ट्रकाची चाकोरी असेल फक्त!

तेव्हा सुचलं. राजांनीच सुचवलं, दुसरं कोण? मी बाहेर उभा राहून मेळ्याची ओळ सुरू केली, "दूरच्या वाटेने आलो, ताऱ्याच्या मागे मागे". आतून लाउरिंदोने उत्तर दिलं. शेवटी सगळे मिळून तो उंच सूर धरतात ना, कान फुटेल असा — त्या सुरावर मारायचं! सगळ्यांनी एकदम!

धप्प! एकच आवाज. बारा हात, एक आवाज! चिखल बसला. हलला नाही.

संध्याकाळपर्यंत गात होतो. आणि हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय, मेळ्यातली निम्मी माणसं आज मोठ्या घरात उभी राहून राजांचं गाणं गात होती. कोणाला सुचलंच नाही की हे पहिल्यांदा होतंय!

दोना जाळीमागे बसल्या होत्या, पूर्ण दिवस. जेवायलाही उठल्या नाहीत म्हणे.

१२ डिसेंबर

पाऊस. दिवसभर पाऊस. हे तीन राजांनो.

१६ डिसेंबर

भिंत बंद झाली! शेवटचं भोक माझ्या छातीएवढ्या उंचीवर होतं. त्यातून लाउरिंदोचा एक डोळा दिसत होता.

"आठवण ठेव हं माझी," तो म्हणाला.

सूर आला, मारला, आणि तो दिसेनासा झाला. पलीकडून गाणं येत होतं, पण लांबून, जाड. मी मातीच्या हातांनी तसाच उभा. मुलींच्या खोलीत बसून एक मुलगी असंच ऐकत असायची. नेमकं असंच.

१९ डिसेंबर

माती ओली आहे. अंगठा दाबला तर रुततो. आत शेगड्या लावल्यात, दोनांची मोलकरीण राख काढून काढून वैतागलीय.

भाचा येऊन गेला. भिंत बघितली, नम्रपणे म्हणाला, "मेहनत दिसते आहे. पण आत्या, हे वाळणार नाही. ट्रक सात तारखेला सांगून ठेवलाय."

दोना म्हणाल्या, "सांगून ठेव बाबा. ड्रायव्हरला जेवायला घालू."

भाचा वाईट नाही. आत्या एकटी त्या पडक्या घरात, त्याला झोप लागत नाही म्हणाला. मलाही तेच वाटलं असतं त्याच्या जागी.

२४ डिसेंबर

मेळा निघाला. झुल्मिरा पुढे निशाण घेऊन, मागे आम्ही. आता राजांच्या दिवसापर्यंत रोज चालायचं, घरोघरी गायचं, मिळेल तिथे निजायचं. निघालेल्या निशाणाने मधेच मागे फिरायचं नाही. म्हणजे भिंतीकडेही बघायचं नाही! नाताळच्या आदल्या रात्री पाळण्यातल्या देवबाळाकडे भिंत मागावी का? मागितली.

२९ डिसेंबर

वरच्या खोऱ्यात. आज मोरेइरांच्या घरी मजाच झाली! बाप वारल्यावर दोन भाऊ, अजून वाटणी नाही. निशाण दारात आलं आणि दोघेही एकदम पुढे! झुल्मिरा थबकली. एकाच्या हातात दिलं की सगळ्या खोऱ्यात झालं, घर त्याचं. मागच्या वर्षी वकिलाने दहा कागद केले, त्यांना कोणी विचारत नाही, पण निशाण कोणी घेतलं ते चार गावं सांगतील!

थोरला म्हणतो, "मी मोठा." धाकटा म्हणतो, "छप्पर मी शाकारलं." लाउरिंदो मागून, "राजे उंटावरून आलेत रे, उन्हात उभे आहेत!"

शेवटी आतून त्यांची आई आली, ओले हात पुसत. एक शब्द न बोलता दोघांच्या मधून पुढे झाली आणि निशाण घेतलं. संपला वाद! पुढे कित्येक वर्षांसाठी संपला.

२ जानेवारी

खालून आलेल्या एकाने सांगितलं, भिंतीला भेग गेलीय. हाताएवढी. आज माझा सूर लागला नाही, दोन घरं लाउरिंदोने सांभाळली. म्हणतो, "माती तडकली म्हणजे वाळतेय, कोंपाद्रे. ओली माती कधी तडकते का?" मग हळूच, "नाही ना तडकत?"

५ जानेवारी

टेकडीवरून दिसली. उभी आहे!!

निशाण खाली शाळेत मुक्कामाला ठेवलं आणि मी एकटा वर पळालो. दोन्ही तळहात टेकवले. गार, पण कोरडी! अंगठा रुतत नाही. भेग आहे, ती मातीने बुजवली, उद्या दिसणारसुद्धा नाही. आत गेलो. दोनांनी वेदीवर पांढरं कापड घातलंय. बिनखिडकीच्या खोल्यांमध्येही फुलं ठेवलीत, तिन्ही खोल्यांत.

म्हणाल्या, "काळा झगा काढून ठेवलाय इस्त्री करून. माझे वडील ज्या पायरीवर थांबायचे ना, त्या पायरीवर नाही थांबायचं, दारात थांबायचं. मुलगी होते तेव्हापासून ठरवलंय. हात कुठे ठेवायचे तेसुद्धा ठरवलंय."

लाकूडवाल्याला फोन केलाय त्यांनी. ट्रक येणार नाही! घर राहणार! झुल्मिराला सांगायला धावत उतरलो, वाटेत दोनदा पडलो.

६ जानेवारी

पायऱ्या चढलो तर दार सताड उघडं, आणि दारात कोणी नाही.

झुल्मिरा निशाण घेऊन थांबली. गाणं थांबलं. सगळं खोरं अंगणात, भाचाही. मग मागे बघतो तर दोना एर्मिन्या खाली, आमच्यात, ढोलवाल्याच्या बाजूला उभ्या. काळा झगा, हातात मेणबत्ती.

"दोना, तुम्ही दारात..."

पाठीत काठी टोचली, निळ्या फितीची. "जा. घर आता मेळ्याचं, आणि म्होरक्या तू. माझी खोली तेवढी मरेपर्यंत माझी. कागदवाला सोमवारी येतोय, पण राजे आज आलेत, त्यांना ताटकळत ठेवू नकोस."

"पण तुम्ही तर मुलगी होतात तेव्हापासून..."

"मला निशाणाच्या मागून यायचंय रे. ते मी कधी केलं नाही."

मी दारात जाऊन उभा राहिलो. हात कुठे ठेवायचे कळेना. झुल्मिराने वर बघितलं, एक पायरी चढली, आणि निशाण माझ्या हातात दिलं.